मोडलेल्या हाताचा हिशेब

बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरणारे पाणी भूमिगत नळवाटेने शहरापर्यंत आणणारी ही योजना १६१५ साली, खानखाना अब्दुर्रहीम याच्या अमदानीत, आकारास आली. तिची आखणी करणाऱ्या इराणी जाणकाराचे, तबकुतुल अर्झचे, नावही परंपरेने जपले आहे. शंभरावर कुंड्या एकीपुढे एक अशा ओळीने खणून त्या तळाशी जोडण्यात आल्या. मात्र ज्यांनी त्या अंधारात पहार चालविली त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. माथ्यावरची माती ढासळून त्यांच्यापैकी कोणाचा पाय मोडला असल्यास त्याच्या घरी काय पोचते झाले असेल, हे सर्वस्वी धन्याच्या मर्जीवर अवलंबून होते. मर्जी असली तर मोहर, नसली तर काही नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावाजवळून लोहमार्ग गेला आणि लालबागेला स्थानक झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी मिल उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर जवळच नेपानगरला, ज्याच्यावर वृत्तपत्रे छापली जातात तो कागद देशात प्रथम तयार करणारा कारखाना निघाला. १९५५ साली तेथे उत्पादन सुरू झाले आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. या साऱ्या बांधकामांत आणि यंत्रशाळांत हात, डोळे आणि प्राण पणाला लागणे हे ओघानेच आले. पट्ट्यात सापडलेले बोट, सुटलेला धोटा लागून गेलेला डोळा, परांचीवरून कोसळलेला गवंडी हे प्रसंग यंत्रयुगाबरोबरच आले. मात्र त्यांचा हिशेब मर्जीवर न ठेवता हक्काने मागता यावा, ही कल्पना यंत्रांच्या बरोबर आली नाही. तिला यावयास बराच उशीर लागला.

हा उशीर समजून घ्यावयाचा तर प्रथम इंग्लंडकडे पाहावे लागते, कारण हिंदुस्थानातील न्यायालये तिकडच्याच तत्त्वांवर चालत. १८३७ साली तेथे एक खटला निकालात निघाला. एका खाटकाच्या पदरी काम करणारा पोर मालाने अतोनात भरलेल्या गाडीवरून जात असता गाडी मोडली आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. पंचांनी त्याला शंभर पौंड देवविले. पण वरिष्ठ न्यायाधीश लॉर्ड ॲबिंजर यांनी तो निर्णय फिरविला. धनी अशा गोष्टीला जबाबदार धरला तर उद्या दासीने ओल्या बिछान्यावर निजविले म्हणूनही नोकर दावा लावील, अशा मासल्याची भीती त्यांनी बोलून दाखविली. हा विनोद नव्हता. पुढे पाऊणशे वर्षे लक्षावधी मजुरांची तोंडे या एका निकालाने बंद केली. त्यातून सहकाऱ्याच्या चुकीने झालेल्या इजेला मालक जबाबदार नाही, हा सिद्धान्त निघाला. त्याच्या जोडीला आणखी दोन ढाली होत्या. मजुराची स्वतःची थोडीशीही चूक असली की दावा बाद, आणि कामातला धोका जाणून त्याने काम पत्करले म्हणजे तो धोका त्याने स्वखुशीने अंगावर घेतला. पोटासाठी पत्करलेल्या कामाला ‘स्वखुशी’ हा शब्द लावणे ही विद्वत्तेची एक अजब करामत म्हटली पाहिजे.

हिंदुस्थानात १८५५ साली प्राणघातक अपघातांविषयी एक कायदा झाला आणि मृताच्या कुटुंबीयांना दावा लावण्याची वाट मिळाली. पण त्यातही दुसऱ्याचा दोष शाबीत करावा लागे. गिरणी कामगाराच्या विधवेने दिवाणी न्यायालयात वकील द्यावा, यंत्राच्या रचनेतील उणीव सिद्ध करावी आणि मालकाच्या नोकरीत असलेल्यांनाच साक्षीला उभे करावे, ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होती. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने यंत्रांना कठडे घालण्यास आणि अपघाताची वर्दी देण्यास सांगितले. वर्दी पोचल्यावर जखमी माणसाचे काय करावयाचे, याविषयी तो मुका होता.

त्या मौनावर पहिले बोट ठेवले ते मुंबईत, आणि तेही मराठी मजुरांनी. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक. कापडगिरणीत त्यांनी स्वतः नोकरी केलेली असल्यामुळे तेथला दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो हे त्यांना सांगावे लागत नव्हते. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे मांडण्यासाठी सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा एक अर्ज तयार केला. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे ठराविक तास आणि वेळेवर पगार या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. रविवारच्या सुट्टीच्या निमित्ताने लोखंड्यांचे नाव अजूनही घेतले जाते. त्याच अर्जातील आणखी एका कलमाची मात्र फारशी आठवण ठेवली गेली नाही. गिरणीत काम करताना गंभीर इजा होऊन जो कामगार काही काळ निकामी होईल त्याला बरा होईपर्यंत पुरे वेतन मिळावे, आणि जो जन्माचा पंगू होईल त्याच्या चरितार्थाची योग्य तजवीज व्हावी, असे ते कलम होते.

हे कलम वाचताना त्यात काय नाही, तेही लक्षात घेतले पाहिजे. दोष कोणाचा, हा प्रश्न त्यात नाही. इजा काम करताना झाली एवढे पुरे. ज्या वर्षी मुंबईत हा अर्ज लिहिला गेला, त्याच १८८४ सालच्या जुलैमध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या राज्यात अपघात-विम्याचा कायदा मंजूर झाला आणि दोषाचा प्रश्न बाजूला ठेवून जखमी कामगाराला भरपाई देण्याची पद्धत युरोपात रूढ होऊ लागली. इंग्लंडला हे पटावयास १८९७ साल उजाडले. परळ-भायखळ्याच्या गिरणी कामगारांनी जे मागितले ते अडाण्यांचे मागणे नव्हते, हे या तारखांवरूनच दिसते.

कमिशनने अर्ज ऐकून घेतला; कायद्यात या कलमाचे काही उतरले नाही. काही मालकांनी मात्र आपण होऊन पावले टाकली, आणि त्यांत बऱ्हाणपूर ज्या मध्यप्रांतात मोडत असे त्याच्या राजधानीतील एक उदाहरण ठळक आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला. उदार धनी भेटणे हे मजुराचे भाग्य खरे. पण शेजारच्या गिरणीतल्या मजुराला ते भाग्य मागून मिळण्यासारखे नव्हते. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना निवर्तले. त्यांच्या हयातीत त्या कलमाला कायद्याचे रूप आले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर वारे फिरले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली. तिच्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेला हिंदी कामगारांच्या वतीने नारायण मल्हार जोशी गेले होते. भारत सेवक समाजाचे हे कार्यकर्ते मूळ कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडू लागले. ५ मार्च १९२३ रोजी कामगार नुकसानभरपाईचा कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. लोखंड्यांच्या अर्जाला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.

या कायद्याचे खरे सामर्थ्य एका वाक्प्रयोगात होते. नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात उद्भवलेला अपघात, एवढे सिद्ध झाले की भरपाई देणे आले. मालकाची चूक दाखवावी लागत नसे. मजुराने दारू प्याली होती, मुद्दाम नियम मोडला होता किंवा यंत्राचे संरक्षक कवच जाणूनबुजून काढून टाकले होते, अशा मोजक्या सबबी मालकाला ठेवल्या होत्या. अपघातात प्राण गेले तर त्या सबबीही पुढे चालेनाशा झाल्या, आणि मागाहून कायमच्या संपूर्ण अपंगत्वालाही हीच सवलत मिळाली. दिवाणी न्यायालयाऐवजी एक आयुक्त नेमून त्याच्यापुढे साधेपणाने काम चालवावे, अशी योजना होती. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरी नेऊन देता कामा नये, ती आयुक्ताकडे जमा केली पाहिजे, असाही दंडक होता. शोकात बुडालेल्या घरी चार नोटा ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याची रीत कायदा करणाऱ्यांना चांगली माहीत असावी. मजुराने स्वतःचा हक्क सोडून देण्याचा करार केला तरी तो रद्दबातल समजावा, हेही कलम त्याच जाणिवेतून आले होते.

रकमा मात्र फार तुटपुंज्या होत्या. मृत्यूसाठी तीस महिन्यांचे वेतन किंवा अडीच हजार रुपये, यांतील जी रक्कम लहान ती. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा साडेतीन हजार, तेही लहान असेल ते. महिना वीस रुपये कमावणारा मजूर मेला तर घरी सहाशे रुपये येत. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला तर बेचाळीस महिन्यांच्या वेतनाचे शेकडा सत्तर, म्हणजे पाचशे अठ्ठ्याऐंशी रुपये मिळत. डाव्या हाताला शेकडा साठ, एका डोळ्याला तीस, अंगठ्याला पंचवीस, तर्जनीला दहा आणि इतर कोणत्याही बोटाला पाच असे दर परिशिष्टात छापलेले होते. बाजारभावाच्या पत्रकासारखा हा तक्ता वाचून मन विषण्ण होते. पण त्यापूर्वी त्या बोटाची किंमत शून्य होती, हेही विसरता येत नाही.

काही काळापुरत्या आलेल्या अपंगत्वाची तरतूद अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे. पहिले दहा दिवस काहीच नाही. पुढे ही अट सैल होत होत तीन दिवसांवर आली. त्यानंतर दर पंधरवड्याला मासिक वेतनाचा चौथा हिस्सा, म्हणजे महिन्याकाठी निम्मे वेतन. लोखंड्यांच्या अर्जात ‘पुरे वेतन’ असे शब्द होते. १९२३ च्या कायद्याने त्यातले निम्मे दिले, आणि शंभर वर्षांत पुष्कळ दुरुस्त्या होऊनही पंधरवड्याचा तो चतुर्थांश तसाच राहिला.

पुऱ्या वेतनाच्या जवळ जाणारी वाट वेगळ्या दिशेने आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते त्या काळात, १९४४ साली, प्रा. भा. पु. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. विमा उतरलेल्या कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या शेकडा नव्वदपर्यंत लाभ मिळू लागला, औषधपाण्याचीही सोय झाली. या योजनेत जो आला त्याला मालकाकडून निराळी भरपाई मागता येत नाही. पण मालकाशी झगडण्याचेही मग कारण उरत नाही.

यानंतर न्यायालयांनी कायद्याच्या अक्षरांत थोडा प्राण फुंकला. ओरिसातील जेपूर येथे १९६८ साली एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना एक सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व, असे मालकाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये निकाल दिला की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची शक्ती संपूर्ण गेली आहे. त्याच निकालात असेही ठरले की भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, आयुक्ताच्या हुकुमाच्या तारखेपासून नव्हे. टाळाटाळ करणाऱ्याला व्याज आणि दंड सोसावा लागेल. हात कोणता गेला एवढेच न विचारता तो कोणाचा गेला, हे विचारण्याची प्रथा या निकालाने दृढ झाली. बऱ्हाणपूरच्या मागावर काम करणाऱ्याच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. तुटलेला धागा सांधणाऱ्या माणसाला दोन बोटे गेल्यावर काय उरते, ते तक्ता सांगू शकत नाही.

रकमाही काळाप्रमाणे वाढल्या. २०१० च्या जानेवारीपासून कायद्याच्या नावातला ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला. मृत्यूसाठी किमान एक लाख वीस हजार आणि संपूर्ण अपंगत्वासाठी किमान एक लाख चाळीस हजार अशी तळरेषा ठरली. प्रत्यक्ष हिशेब वेतन आणि वय यांवर होतो. २०२० साली हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाची मर्यादा पंधरा हजारांवर नेण्यात आली. तीस वर्षांच्या, तेवढे वेतन मिळविणाऱ्या माणसाच्या मृत्यूला निम्मे वेतन गुणिले २०७.९८, म्हणजे पंधरा लाख एकोणसाठ हजार आठशे पन्नास रुपये येतात. परांचीवरून पडलेल्या गवंड्याच्या घरी ही रक्कम आणि ठेकेदाराने आणून दिलेले वीस-पंचवीस हजार यांतले अंतर केवढे आहे, ते निराळे सांगावयास नको.

पण हक्क कोणापाशी मागावयाचा, हा बऱ्हाणपूरसारख्या गावातला अवघड प्रश्न आहे. तापी मिलमध्ये हजेरीपट होता, खाते होते, फाटकावर पाटी होती. १९७४ साली ती गिरणी राष्ट्रीयीकरणात सरकारी महामंडळाकडे गेली तेव्हाही मालक कोण हे कामगाराला ठाऊक होते. गल्लीबोळांतील यंत्रमागांचे तसे नाही. सूत एकाचे, माग दुसऱ्याचे, जागा तिसऱ्याची आणि मजुरी देणारा चौथाच. कामगारांची संख्या दहाच्या आत राहिली की कारखाने-कायदा आणि विमा-योजना दोन्ही सहसा दाराबाहेर राहत. मात्र भरपाईच्या कायद्यात वीज वा अन्य शक्तीवर चालणाऱ्या उत्पादनाला माणसांच्या संख्येची अट उरलेली नव्हती. चार मागांच्या शेडमधल्या मजुराचा हक्कही गिरणीतल्या कामगाराइतकाच पक्का होता. कापसाच्या धुळीने छातीला जडणारा विकारही पुढे व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आला आणि अपघातासमान मानला गेला. हे किती मागवाल्यांना आणि किती विणकरांना माहीत होते, हा भाग निराळा.

बांधकामात ही गुंतागुंत आणखी वाढते. तेथे मजूर मुकादमाने आणलेला, मुकादम ठेकेदाराचा आणि ठेकेदार कंपनीचा. कायद्याने यावर उपाय ठेवला होता. ज्याच्या धंद्याचे काम ठेकेदाराकरवी चालले आहे त्या मूळ धन्याकडूनच मजुराने भरपाई मागावी. धन्याने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. मात्र हे काम त्या धन्याच्या व्यापारधंद्याचे असले पाहिजे. स्वतःला राहावयास घर बांधणारा गृहस्थ या कलमात सापडत नाही, आणि तेथे मजुराला ठेकेदारालाच गाठावे लागते. अड्ड्यावर उभा राहून रोज नव्या माणसाबरोबर जाणारा रोजंदार पूर्वी ‘नैमित्तिक’ म्हणून पुष्कळदा कायद्याबाहेर पडे. डिसेंबर २००० पासून ती फट बुजविण्यात आली. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा व उपकर आला आणि राज्याराज्यांत कल्याण मंडळे निघाली. मंडळाकडून मिळणारे साहाय्य हे भरपाईच्या ऐवजी नसते. दोन्ही वाटा निरनिराळ्या आहेत, ही गोष्ट ठेकेदार सहसा सांगत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षेची संहिता अमलात आली आणि १९२३ च्या कायद्यातील भरपाईची चौकट तिच्यातील एका प्रकरणात सामावली गेली. दोषाचा प्रश्न न विचारण्याचे तत्त्व कायम राहिले, पंधरवड्याला चतुर्थांश वेतनही कायम राहिले. एक गोष्ट मात्र नव्याने स्पष्ट झाली. कामावर जाता-येता वाटेत झालेला अपघात नोकरीच्या ओघातला मानावा की नाही, यावर फार वर्षे वाद होता. मुंबईत जुलै १९५७ मध्ये बेस्टचा एक चालक पाळी संपवून बेस्टच्याच बसने घरी जात असता अपघातात दगावला. त्याच्या विधवेच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली निकाल दिला, कारण त्या बसने जाणे हा त्याच्या नोकरीचाच भाग होता. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीवर निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. आयुक्ताने तीन लाख सव्वीस हजार एकशे चाळीस रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो हुकूम फिरविला, आणि २९ जुलै २०२५ रोजी, बावीस वर्षांनंतर, सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. नव्या संहितेत आता हे कलमच आहे की वाटेतील अपघाताची वेळ, जागा व परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखविता आला तर तो नोकरीच्या ओघातला समजावा. हा संबंध दाखविण्यासाठी पाळीची वेळ सांगणारा कागद लागतो. पहारेकऱ्याची पाळी कारखान्याच्या दप्तरात लिहिलेली होती. अड्ड्यावरून उचललेल्या मजुराची हजेरी मात्र ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत असते.